उंबऱ्याबाहेरची पावलं

अर्धी वाट सरली तेव्हा विमल मधेच फतकल मारून बसली. केदारखेडा अजून तितकाच लांब होता. द्वारकाबाईंनी डोक्यावरची पाटी उतरवली, ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा काढला आणि वाटेकडेच्या सपाट दगडावर थापला. मघापासून स्वतःचं मनगट चावणाऱ्या त्या तेरा वर्षांच्या पोरीनं दोन्ही तळवे गाऱ्यात रुतवले आणि ती गप झाली.

"टेका बाई जरा," द्वारकाबाई म्हणाल्या. "इंजनात पानी भरल्याबिगर आमची गाडी हालत न्हाई."

शरयूबाई हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. टेंभुर्णीच्या मुलींच्या शाळेत त्या मास्तरीण होत्या. शाळेची जमीन सारवायला द्वारकाबाई यायच्या आणि त्यांच्या मागं ही न बोलणारी भाची. आता तिच्या बापाचा, धर्मराजचा, निरोप आला होता. महालक्ष्म्यांना पोरीला आणून सोडा. तिला तिच्या मेलेल्या आईनं धरलंय. सण झाला की झपाटलेली माणसं बांधतात तिथं तिला साखळीला बांधायचं. पोर त्याची, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. "तुमी शिकलेल्या, तुमी चार शब्द बोला," असं म्हणून द्वारकाबाईंनी शरयूबाईंना सोबत घेतलं होतं.

विमलनं पाटीतल्या चुन्याच्या वाटीत मूठ बुडवली आणि मातीवर टेकवली. मग बोटांच्या टोकांनी पायाची बोटं उमटवली. उजव्या पावलाला पाच, डाव्याला चार.

"बोट विसरली वाटतं," शरयूबाई म्हणाल्या.

"ती काय बी इसरत न्हाई." द्वारकाबाईंनी मागंपुढं पाहिलं, जणू त्या माळावर कुणी ऐकत होतं. "माझ्या भनीचा, हिच्या आईचा, तारीचा पाय हाय ह्यो. लहानपनी इळ्यानं करंगळी तुटल्ती तिची. मी कुनाला बोलले न्हाई. पुन्ना देवऋषाकडं नेतील म्हून."

रझाकारांची धामधूम सरली, त्याच्या दुसऱ्या वर्षी महालक्ष्म्यांतच तारा गेली. तापानं गेली, असं धर्मराजनं कळवलं. विमल तेव्हा सहा वर्षांची. आधीही ती बोलत नव्हती. आई गेल्यावर भिंतीवर डोकं आपटू लागली. तिला मिरच्यांची धुरी दिली, वेताच्या छडीनं मारलं. द्वारकाबाईंना ते पाहवलं नाही. त्या तिला टेंभुर्णीला घेऊन आल्या. तिथंही तेच किंचाळणं. एकदा अंगण सारवताना पोर ओल्या भुईवर पालथी पडली, हात रुतले, आणि घरात एकदम शांतता झाली. तेव्हापासून द्वारकाबाई रोज हातभर जागा तिच्यासाठी ओली ठेवत. तिथून उठलेली विमल जेवायची, वेणी घालू द्यायची.

पण काढायची एकच. पावलं, आणि तीही उंबऱ्याबाहेर जाणारी. जिथं बायका लक्ष्मीची पावलं आत येणारी काढतात, तिथं ही बाहेरची! "आमची लक्ष्मी हाकलून राह्यली का गं तुझी येडी?" द्वारकाबाई ज्यांच्याकडं सारवायला जायच्या, त्या उषाबाईंनी भर अंगणात विचारलं होतं. कामाचं एकेक घर सुटत गेलं. शाळा तेवढी उरली.

ऊन कलताना त्या पोचल्या. धर्मराजची दुसरी बायको साळूबाई दारात उभी होती. तिची दोन बाळं पाळण्यात गेली होती, आणि त्याचा बोल ती तारावर ठेवायची. सणासाठी तिनं अंगण नुकतंच सारवलं होतं. घरात येणारी लक्ष्मीची पावलं अजून काढायची होती.

"आनली का? बरं झालं," धर्मराज म्हणाला. पोरीकडे त्यानं पाहिलं नाही.

शरयूबाईंनी वाटभर जुळवलेले शब्द बोलायला तोंड उघडलं, तोवर विमलनं मावशीचा हात सोडला होता. पाटीतली वाटी घेऊन ती उंबऱ्याशी बसली. एक पाऊल बाहेर, दुसरं बाहेर. डाव्याला चार बोटं. द्वारकाबाईंनी डोळे मिटले.

अंगणाच्या मधोमध पावलं थांबली आणि वळली. टेंभुर्णीत असं कधी झालं नव्हतं. ती दाराकडं परत आली. पायरीपाशी विमल एकाच जागी पावलांवर पावलं काढत राहिली. शेवटी बोटं ओळखू येईनात. नुसता पांढरा डाग उरला, कुणीतरी फार वेळ उभं राहिल्यासारखा. मग तिनं दार ओढून घेतलं, टाचा उंचावल्या, चुन्यानं भरलेले दोन्ही तळवे फळीवर टेकवले आणि घसरत खाली आणले. पार पायरीपर्यंत.

 शरयूबाईंनी मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं.

"कोन उभी हाय ही दारात?" साळूबाई म्हणाली.

धर्मराजला कुणी काही विचारलं नव्हतं. "पहाटं कडी काढनार व्हतो मी," तो म्हणाला.

"तापानं गेली म्हनलावता तुमी," द्वारकाबाई म्हणाल्या.

"ताप व्हताच. तारा पोरीला गोठ्यात बांधू देईना. म्हनलं, मंग तूच भाईर ऱ्हा, आन् आतून कडी घातली." तो पायरीवरच्या डागाकडं पाहत राहिला. "पाऊस लई व्हता त्या राती. पोर आत व्हती. दाराला चिकटून बसल्ती."

साळूबाईनं दार सताड उघडलं आणि त्याला दगड लावला. "नेता का तिला?" तिनं द्वारकाबाईंना हळू विचारलं. "बांधायचं न्हाई कुनी."

 तिघी निघाल्या तेव्हा धर्मराजनं मान वर केली नाही.

नदीकाठी विमलनं हात धुऊ दिले. द्वारकाबाईंनी उद्यासाठी ओली माती खणून फडक्यात बांधली. बराच वेळ त्या गाठ नीट करत बसल्या.

"बाई, माझ्या मागं हिला भाकर कुनीबी घालील," त्या म्हणाल्या. "पर रोज हातभर भुई वली ठिवाल का तुमी, हिच्यासाठी? आन् ती जे काढंल, ते पुसू नगा."