जपानला पाठवलेलं खोटं पत्र

मंडळी, आज सकाळी नातीच्या वर्गाने जपानमधल्या मुलांशी व्हिडिओवर गप्पा मारल्या. बांगडे कसे सुकवतात ते ती हौसेने सांगत होती. मला तिथे बसवेना.

साठच्या दशकात आमच्या मालवणच्या शाळेनेही जपानला पत्रं पाठवली होती. मी लिहिलं, आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकते. गुरुजींनी कागद फाडला. "परदेशात मासळीचा वास पाठवतेस? भातशेतीबद्दल लिही." आमची वीतभरही जमीन नव्हती. तरी लिहिलं.

जपानी मुलीचं उत्तर गुरुजींनी वाचून दाखवलं, "माझे वडील मच्छीमार आहेत. तू कधी समुद्र पाहिलास का?"

घरी आईने विचारलं, "काय लिवल्यान गो तिणा?"

"कायएक नाय," मी म्हटलं.

गुरुजींपेक्षा मला माझाच राग येतो. आपल्या माणसांचं काम तुम्हीही कधी असं लपवलंत का?