बामा पाटलाची खाडीवरची तालीम

बांधाला खांड पडली होती, पुनवेचं उधाण तोंडावर आलं होतं, आणि माझा अशील बामा पाटील माझ्या ओटीवर बसून आजोबांच्या लग्नात किती बोकड कापले ते सांगत होता.

"पाटील, प्रांतसाहेबांना नेमकं काय सांगायचंय?"

"त्याच तं सांगतंय. त्या लग्नान माजे आज्याला ह्यो मिठागर मिलला."

मी तेव्हा ठाण्याच्या कोर्टात वकिली करत होतो. मी आर्ग्युमेंट सुरू केलं की पलीकडच्या तुरुंगातले कैदी आपणहून कबुलीजबाब देत, असं लोक म्हणत. म्हणजे मी म्हणत असे, लोक ऐकत. पण या कामात माझी जीभ बिनकामाची होती. प्रांतसाहेब फिरतीवर कल्याणला तळ्याकाठी कॅम्प टाकून होते आणि त्यांचा नियम होता : तंबूत वकील नको, रयतेनं स्वतः बोलावं.

मिठागर म्हणजे खाडीलगतचे उथळ वाफे. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हात आटवायचं. खाडी आणि वाफे यांच्यामध्ये मातीचा बांध. त्याला भगदाड पडलं की ती खांड. ती बुजवायची चिकणमाती शेजारच्या सरकारी खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत होती, आणि तिथला शिपाई फावडं लावू देईना. उधाणाआधी ऑर्डर मिळाली नाही, तर खाडी आत शिरून अख्ख्या गावाचं मीठ विरघळणार.

त्यात शिरस्तेदार, म्हणजे साहेबांचा मुख्य कारकून. साहेबांना मराठी येई, पण बेतानंच. वाक्य लांबलं की ते शिरस्तेदाराकडे बघत, आणि तो आपल्या सोयीचा अर्थ लावून देई. तेव्हा बामाला आखूड बोलायला शिकवणं, एवढाच उपाय.

मी त्याला रोज समोर बसवून घोकवलं. रोज आजोबांची नवरी मांडवात येईपर्यंत माझं जेवण थंड व्हायचं.

मग एका सकाळी तो खाडीच्या पलीकडच्या काठावर उभा राहून तरवाल्याला हाका मारताना दिसला. "एकटाच हाय. होरी आन." संपलं. वाऱ्यावर आजोबा पोचत नाहीत, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

मी होडी थांबवली आणि अलीकडून ओरडलो, "पाटील, मी साहेब. तिथूनच सांगा."

त्यानं पाल्हाळ लावला की मी कानामागे हात धरून 'ऐकू येत नाही' अशी मान हलवायची. मग तो एक शब्द गाळायचा. आमच्या ओरडण्यानं दोन्ही काठांवरचे बगळे मुंब्र्याच्या डोंगरावर बिऱ्हाड करून राहिले. शेवटी उरलं ते एवढं : "बांध फुटलाय. माती सरकारी हाय. पुनवेच्या आदी काडू दे. नायतं गाव बुरल."

"आन आज्याचा काय?" पलीकडून आलं.

"आजा तिथंच राहू दे."

कॅम्पात मला तंबूच्या दोरांबाहेर उभं केलं. साहेब चहा पीत होते. बामा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला, छाती भरून घेतली, आणि पलीकडच्या काठावर साहेब असल्यासारखा बोलला.

"बांध फुटलाय."

साहेबांचा कप उडाला. घोडा खुंटा उपटून टिटवाळ्याच्या वाटेला लागला. दुसऱ्या वाक्याला तंबूची एक बाजू खाली बसली. तिसऱ्याला शिरस्तेदार टेबलाखाली गेला. तिथून तो काय अर्थ लावणार? "गाव बुरल" हे तर दिव्यापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तिथली माणसं दुसऱ्या दिवशी फावडी घेऊन मदतीला हजर.

साहेबांनी रुमालानं कोट पुसला. "समजलं," ते म्हणाले. "माती घ्या. पुन्हा सांगू नका."

खांड बुजली. पुनवेचं उधाण बांधावर दोन-चार थापा मारून परत गेलं. बामा मिठाची गोणी घेऊन माझ्याकडे आला.

"बराबर बोललू ना रं, वकील?"

"शब्द एकही चुकला नाही. आवाज जरा कमी चालला असता."

"तू तं खारीच्या पल्यार उबा व्हतास. तुला कमी कसा चालला असता?"

तेव्हापासून अशिलाचं बोलणं मी खाडीवरच छाटून घेतो. शेवटची तालीम मात्र घरात, त्याला समोर बसवून, स्वतःच्या हातात भरलेला चहाचा कप घेऊन.