बिडकीनला गाडी नऊ मिनिटं थांबली

मी निजामुद्दीन, एसटीत ड्रायव्हर. बावीस वर्षं झाली. माझं तोंड लई खराब आहे हे सगळ्या डेपोला ठाऊक, म्हणून नवे कंडक्टर माझ्या गाडीवर यायला कां-कूं करतात. रत्नमालाला हे कुणी सांगितलं नसावं, नायतर सांगूनही तिनं ऐकलं नसावं. दुसरंच खरं असणार, कारण ही बाई ऐकणाऱ्यातली नाय.

ती देवगाव रंगारीकडची. घरात सगळी शेतावर कामाला जाणारी माणसं, कंडक्टर झालेली ही पहिलीच. दोनदा परीक्षा दिली, दुसऱ्यांदा लागली. बिल्ला मिळाला तेव्हा बापानं तो आपल्या सदऱ्यानं पुसून स्वतः तिच्या गणवेशाला लावला, हे तिनं मला निदान वीस वेळा सांगितलंय. मी दर वेळी म्हणतो, ताई, ऐकलंय. ती तरी सांगतेच.

आमची गाडी संभाजीनगर ते पैठण, दिवसाला तीन फेऱ्या. गेल्या वर्षी ती गाडीवर आली तेव्हा मला तिची एकच गोष्ट खटकायची. स्टँड आला की ही गायब. पाच मिनिटं, सात मिनिटं. एसटीचा कायदा साधा आहे, कंडक्टरनं दोन घंट्या दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाय. मी स्टेअरिंगवर बोटं आपटत बसायचो. एकदा मे महिन्यात बिडकीनला डोकं फिरलं आणि मी हॉर्न दाबून धरला. चांगला मिनिटभर. गाडीतली पोरं हसायला लागली. ती आली ती मान खाली घालून, आणि दोन घंट्या दिल्या. पुढं ढोरकीनला पोचेपर्यंत ही चक्कर येऊन सीटवरून खाली, तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच.

ढोरकीनच्या स्टँडसमोर कडूबाईचं चहाचं हॉटेल आहे, मागं तिचं घर. तिथं नेऊन निजवलं, कडूबाईनं मीठसाखरेचं पाणी पाजलं. तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं. चार वर्षांखाली टायफॉइड झाला, तो गेला, पण पोट काही ठिकाणावर आलं नाय. दिवसाला सहा वेळा, कधी आठ वेळा जावं लागायचं. घाटीतल्या, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीपासून सगळ्या तपासण्या केल्या. आत जखम नाय, गाठ नाय, आतडं नुसतं घाईचं झालंय म्हणाल्या. जीवाला धोका नाय, पण वर्षानुवर्षं राहू शकतं. आणि या शहाणीनं त्यावर इलाज काय काढला, तर ड्युटीवर काही खायचंच नाय. पाणीसुद्धा नाय. पहाटे पाचपासून दुपारी तीनपर्यंत, मे महिन्यात. मी वर हॉर्न वाजवत होतो. मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

संभाजीनगरला स्टँडच्या मागं माझी भाची गजाला जेनेरिक औषधाचं दुकान चालवते. मी ताईला तिच्याकडं नेलं. गजालानं डॉक्टरचा कागद वाचला आणि तिला फैलावर घेतलं. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी कागदावर चार वर्षांपासून लिहिलेली. पण रोजच्या गोळीची सवय लागंल या भीतीनं हिनं ती घेतलीच नव्हती. उलट कुणी सांगितल्या म्हणून चकचकीत डब्यांतल्या महागड्या कॅप्सूल खाल्ल्या होत्या. गजालानं काउंटरवर पट्टी ठेवली. दोन चहाच्या भावात दहा गोळ्या. मी म्हणालो, एवढ्यासाठी चार वर्षं?

गजालानं आधी तिला परत डॉक्टरीणबाईंकडं धाडलं. त्यांनी नव्यानं लिहून दिलं तसंच ती घ्यायला लागली. ड्युटीच्या आधी अर्धा तास एक गोळी, लागलीच तर वर एक, आणि कागदावर लिहिलंय त्याच्या पुढं एकही नाय. ताप असला किंवा रक्त दिसलं, तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. दिवसभर ओआरएसचा घोट, संध्याकाळी इसबगोल. बाईनं हे ड्युटीसारखंच मनावर घेतलं. सकाळचा दुधाचा चहा पोटाला चालत नाय हे तिला आठवड्यात कळलं, चहा बंद. मऊ भात आणि दही बसतं, तर डब्यात रोज तेच. मी कंटाळलो बघून, ती नाय कंटाळली. सहाचं दोनावर आलं. गालावर रंग आला, आवाज तर असा चढला की मागच्या सीटवरचा फुकट्यासुद्धा तिकीट काढायला लागला.

तरी एखादा दिवस असा येतो की गोळी जुमानत नाय. त्या दिवशी ती एक घंटी देते, मी गाडी बाजूला घेतो. माझा हात हॉर्नकडं जात नाय.

ऑगस्टात असाच एक दिवस आला. बिडकीनला नऊ मिनिटं लागली. गाडीत पैठणचे एक सर होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी घड्याळ बघून बघून माझं डोकं उठवलं आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली. महिला वाहक कारण नसताना गाडी सोडून जाते, असं. डेपोच्या साहेबांनी दोघांना बोलावलं. मला म्हणाले, गाडी का थांबली ते लिहून द्या. ताईला म्हणाले, तब्येतीचं असेल तर चौकशीच्या खिडकीवर जागा आहे, बसून काम. म्हणजे बिल्ला काढून ठेवायचा. तिचा चेहरा पडला.

मी बाहेर बाकड्यावर बसलो आणि लिहिलं, इंजिन गरम झालं म्हणून गाडी थांबवली. मला वाटलं, लई हुशारी केली. ताईनं कागद वाचला आणि फाडला.

"मी संडासला गेले होते चाचा. तसंच लिहा."

मी म्हणालो, ताई, फायलीत राहील ते. लोक वाचतील.

"चार वर्षं लाजच सांभाळली. म्हणून तर चक्कर येऊन पडले."

मंग मी लिहिलं. जसं होतं तसं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. ताईनं पुढं होऊन टेबलावर गोळ्यांची पट्टी ठेवली, डॉक्टरचा कागद ठेवला. जूनपासून एक खाडा नाय, तीन वेळा गाडी थांबली, सगळ्यात जास्त नऊ मिनिटं, असं सगळं सांगितलं.

"मला खिडकीवर बसवायचं तर बसवा, साहेब. फक्त ऑर्डरीत कारण लिहा. वाहक संडासला गेली म्हणून."

साहेबांनी पेन उचललं. कागद समोर ओढला. पेन टेकवलं आणि तसंच धरून बसले. वर पंखा फिरत होता. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, साडेअकराची गाडी तुमचीच ना, निघा आता.

चार-पाच दिवसांनी ढोरकीनला एक घंटी झाली. ताई उतरून कडूबाईच्या घराकडं गेली. योगायोग बघा, तेच सर गाडीत. त्यांनी घड्याळ वर केलं आणि मला विचारलं, आता काय झालं? मी इंजिन बंद केलं. मागं वळलो आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, बाई संडासला गेल्यात, येतील.

गाडीत कुणी हसलं नाय. मागच्या सीटवरून एक म्हातारी उठली, पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवली आणि दांडे धरत धरत पुढं आली.

"थांबशील ना रं बाबा? मलाबी जायचंय. पैठणपासून दम धरलाय."

तिच्या मागं आणखी दोघी उतरल्या. त्यातल्या एकीच्या कडेवर लेकरू होतं. मी म्हणालो, जाऊन या सावकाश. त्या दिवशी गाडी अकरा मिनिटं थांबली. ताई सगळ्यांना घेऊन आली, दार लावलं आणि दोन घंट्या दिल्या.