भागम्माचा शेजार

भागम्मा गेली त्याला आता वरीस होत आलं, तरी गिरणी बंद केली की माझे पाय तिच्याच दाराकडं वळतेत. दाराला कुलूप हाय. मग मी आपल्याच कपाळावर हात मारून घेते आन् माघारी फिरते. लोक म्हणतेत, बायनाबाईला भागम्माचं येड लागलं. लागू द्या. कुणाच्या बापाचं काय जायलंय?

आमचं गाव झरी. माझी पिठाची गिरणी आन् तिचं घर, मधी एकच भिंत. ती लिंगायताची, मी मराठ्याची. गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा केल्याबिगर ती पाण्याचा घोट घ्यायची न्हाई, आन् मी चहा पिल्याबिगर कुणाशी धड बोलत न्हाई. आमचं वाजायचं ते फक्त पिठावरून. गिरणी सुरू झाली की पीठ तिच्या वाळवणावर उडायचं. सकाळी भांडण झालं की संध्याकाळी तिच्याकडनं वाटीभर आमटी यायची. मीबी ती वाटी कधी रिकामी धाडली न्हाई.

तिचा नवरा ईश्वरअप्पा. गावात त्याचं किराणा दुकान होतं, पण ते नंतर. लगीन झालं तवा तो हैदराबादेत एका अडतीवर मुनीम होता, आन् भागम्मा हितं सासूपाशी मळ्यात. तिथंच तिचं पहिलं लेकरू झालं. पोरगा. पाळण्यात हसायला लागला न्हाई तोच तापानं फणफणला. सासू म्हातारी, घरात दुसरं कुणी न्हाई. भागम्मा दारात उभी राहून हाका मारत होती. मळ्यात कोण ऐकणार? लेकरू गेलं. तार मिळून बाप येईपर्यंत त्याला वढ्याकाठच्या लिंगायतांच्या जागेत पुरूनबी टाकलं होतं. बापानं लेकराचं तोंड बघितलं न्हाई. त्यानंतर ईश्वरअप्पा परत हैदराबादेला गेला न्हाई. गावात घर घेतलं, गिरणीला लागून.

"शेजार बघून घेतलं," भागम्मा म्हणायची. "बायना हाय म्हणून घेतलं."

थापा! तवा मी लगीन होऊन या गावात आलेबी नव्हते. पण ऐकायला गोड लागायचं.

मागून मल्लेश झाला. तो शिकला, इंजिनेर झाला, पुण्याला लागला. ईश्वरअप्पा गेला तवा त्याला त्यांच्या रस्त्याकडच्या तुकड्यात समाधी दिली. त्यांच्यात जाळत न्हाईत, हातात लिंग देऊन बसवतेत आन् माती देतेत. तो तुकडा अप्पानं भागम्माच्या नावानं घेतला होता. समाधीच्या उजव्या अंगाला तिनं स्वतःसाठी जागा ठेवली, भवती दगड लावले, डोक्याशी बेलाचं रोप लावलं. दर सोमवारी बेल वाहायला जायची, आन् मला संगं न्यायची.

"जलमभर गिऱ्हाइकांपाशी बसला हा माणूस," ती म्हणायची. "आता माझ्यापाशी बसंल. कुठं जातोय!"

मग मल्लेशला जर्मनीतली नोकरी लागली. त्याच्या बायकोला, महेश्वरीला, तवा पाचवा महिना होता. जायच्या आधी दोघं झरीला येऊन राहिले. पोरगं समदा दिवस मोबाईलवर आकडे मांडायचं, पुसायचं आन् डोकं धरून बसायचं. भागम्माला त्यातलं काही कळंना. ती उठली, सुपात तूर घेऊन आली.

"हे बघ, एक दाणा म्हंजे हजार रुपये. आता सांग, तिथला पगार किती?"

मल्लेशला हसू आलं, पण त्यानं ढीग केला. माझे तर डोळेच फिरले. एवढा पगार! मग त्यानं एकेक चिमूट बाजूला सारायला घेतली. ही सरकारची. ही विम्याची. ही खाण्यापिण्याची, ही गाडीच्या पासाची. घरमालकाला तीन महिन्यांचं भाडं अनामत, तेबी आधी हातात. आन् पहिला पगार महिना भरल्यावर. वरनं तिथं म्हणं भाड्याच्या घरात सैपाकाचा वटाच नसतो. वटा, कपाटं, नळाखालचं भांडं, समदं आपणच आणून बसवायचं.

"चूल न्हाई त्याला घर कसं म्हणायचं?" भागम्मा म्हणली.

"चार भिंतीच भाड्यानं देतेत का काय?" मी म्हणले. "असली लूट तर बैलबाजारातबी न्हाई!"

घरं दोन बघून ठेवली होती. एक शहराच्या पार बाहेर. एकच खोली, न्हाणीघर आणखी तिघा परक्या बाप्यांसंगं. भाडं निम्म्याहून कमी. दुसरं कंपनीजवळ, दोन खोल्या, दवाखाना पायी जाण्यासारखा. पण त्याची अनामत काढली की सूप रिकामं, वट्याचे आन् कपाटाचे दाणे आणायचे कुठून? पुण्याच्या पगारात पोराची काही शिल्लक पडली नव्हती.

"मी एकटाच जातो," मल्लेश म्हणला. "बाहेरच्या खोलीत राहतो. महेश्वरीचं बाळंतपण हितं होऊ दे. वरीस-दीड वर्सानं दोघांना नेतो."

महेश्वरी तुरीतले खडे निवडायली होती. तिचा हात थांबला.

भागम्मानं फोन मागून घेतला. दोन खोल्यांच्या घराचा फोटो लय वेळ बघितला. आपण असतो तर खिडक्या बघितल्या असत्या, फरशी बघितली असती. तिनं विचारलं, "खाली कोण राहतं?"

"एक म्हातारी हाय. एकटीच असती."

"जिन्यातनं हाक मारली तर तिला ऐकू जाईल का?"

"जाईल की. पण आई, तिला मराठी थोडीच येतंय!"

"हाक मारायला मराठी कामून लागंल? हे घर घे. आन् हिला संगं ने."

"पैसे कुठंयत?"

ती आत गेली. कणगीतनं दोन्ही हातांनी तूर भरून आणली आन् सुपात वतली. "हे घे. तुझ्या अप्पानं ठेवलेत."

"अप्पांनी? मला कधी बोलले न्हाईत."

"बोलणारा माणूस होता का तो?"

ते खरं होतं. ईश्वरअप्पा दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन 'घ्या' आन् 'या' असायचे. म्हणून पोराला पटलं. मला पटलं न्हाई. अप्पाचं दुकान मला ठाव नव्हतं का? मेला तवा गल्ल्यात चिल्लर होती आन् अर्ध्या गावाकडं उधारी.

दुसऱ्या दिवशी मी तिला गिरणीत गाठली. गिरणी बंद केली, दार लोटलं. "खरं सांग, पैसे कुठले?"

"सोयाबीनवाल्या तात्यारावशी बोलले. रस्त्याकडचा तुकडा देते."

माझं टाळकंच सटकलं. "डोकं फिरलं का तुझं? समाधी हाय तिथं! तुझी जागा हाय!"

"समाधी तशीच ठेवतो म्हणला. सोमवारी येऊ देतो म्हणला. दुसरी मातर न्हाई म्हणला, त्याच्या गोदामाचा पाया तिथनंच जातोय."

"आन् तू हो म्हणलीस? मल्लेशला सांगते मी आत्ताच!"

तिनं माझा हात धरला. लय घट्ट धरला. "बायना, मला जागा मेल्यावर लागंल. पोरीला आत्ता लागायलीय. ती एकटी दारात उभी राहून हाका मारंल, आन् नवरा मुलखापार. मी काढलंय ते. तिला न्हाई काढू देणार." मग डोळे पुसून म्हणली, "आन् मल्लेशला सांगितलंस तर तुझ्या वाटीतला घास पुन्ना माझ्या घरात येणार न्हाई."

मी मल्लेशला न्हाई सांगितलं. बयाण्याच्या पैशात अनामत गेली, आन् खरेदीखत झालं ते पोरं विमानात बसल्यावर. बेलाचं रोप तिनं स्वतः उपटून आणलं, अंगणात लावलं. ते काही जगलं न्हाई.

पुढच्या सोमवारी समाधीवरनं निघाल्यावर ती मला घराकडं न नेता वढ्याकडं घेऊन गेली. त्यांच्या जागेत कडंला एक बाभूळ हाय, तिच्यापाशी बसली आन् हातानं माती सारखी केली.

"हितं हाय माझं पहिलं," म्हणली. "दगड ठेवला होता, पुरात गेला. पण बाभूळ मी वळखते. माझी जागा हितंच बघितलीय. ध्यानात ठेव, तुलाच सांगावं लागंल."

"मीच आधी गेले तर?"

"तू कशाची जातीस! तुझं तोंड बघून यमबी माघारी फिरंल."

मी हसले. हसतच रडले, आता काय लपवायचं.

तिकडं महेश्वरीच्या पोटात कळा आल्या त्या दुपारी, मल्लेश कामावर असताना. ती जिन्यात बसून वरडली. खालची म्हातारी आली, गाडी बोलावली, तिच्यासंगं दवाखान्यात गेली, मल्लेश येईपर्यंत हात सोडला न्हाई. मुलगी झाली, सृष्टी. मल्लेशनं फोनवर हे समदं सांगितलं, तवा भागम्मा गल्लीभर साखर वाटत हिंडली. ज्याला त्याला सांगायची, "म्हातारी आली बरं का! हाकेला आली!" लोकांना वाटलं, नातीपेक्षा हिला त्या गोऱ्या म्हातारीचंच कौतुक. नातीला तिनं फोनमधीच बघितलं, मांडीवर कधी घेतलं न्हाई.

ती गेली ती माझ्या गिरणीच्या दारात. ज्वारीचा डबा घेऊन आली, "बायना" म्हणली आन् खाली बसली. मी गिरणी बंद करून येईपर्यंत समदं आटपलं होतं. पण मी आले. एवढंच मनाला सांगते, की मी आले.

मल्लेश दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, एकटाच. तान्हं लेकरू, महेश्वरीला कसं आणणार? तवर भागम्माला बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. महारुद्र स्वामी विधीचं सामान मांडून बसले होते. पोरगं आईच्या पायावर लय वेळ पडून राहिलं. मग उठून विचारलं, "अप्पांच्या शेजारी खणलंय ना?"

समदे माझ्याकडं बघायला लागले. मीच सांगितलं. तुरीचं, तात्यारावचं, समदं. त्यानं ऐकून घेतलं आन् अनवाणीच रस्त्याकडं निघाला. मी मागं.

गोदामाच्या दोन भिंतींमधल्या बोळीत अप्पाची समाधी. बोळीतबी सोयाबीनची पोती लावलेली. उजव्या अंगाला भिंत, तिच्यात सिमेंटचा खांब. तात्याराव हात जोडून म्हणला, "मल्लेश, वहिनी सांगू नका म्हणल्या होत्या. आधी कळलं असतं तर..." पोरानं खांबावर हात ठेवला. "काका, हे फोडायला काय घ्याल?" तात्यारावनं मान खाली घातली. खांब फोडला तर गोदाम येतंय अंगावर, ते पोरालाबी दिसत होतं. इंजिनेर हाय तो.

"मला त्या बाहेरच्या खोलीत राहता आलं असतं, मावशी," तो म्हणला.

भागम्माला वढ्याकाठी नेलं. बाभळीपाशी बसवली, हातावर लिंग ठेवलं, बेल आन् भस्म घातलं. मल्लेशनं पहिली मूठ टाकली. माणसं पांगली तरी तो मातीपाशीच बसून होता. आजूबाजूला बघत होता, कुठं दगड, कुठं नुसता उंचवटा.

"मावशी, आईच्या शेजारी कोण हाय?"

मी म्हणले, "तुझा थोरला भाऊ. तिनंच बघून ठेवली होती जागा."

त्याला भावाचं ठाव होतं, जागा ठाव नव्हती. त्यानं बाभळीच्या बुडाशी हात ठेवला आन् मग लहान पोरासारखा रडला. मी रडू दिलं. बऱ्याच वेळानं शांत झाला, नाक पुसलं आन् माझ्याकडं बघून म्हणला, "मग अप्पांपाशी कोण?"

मी त्याला हाताला धरून उठवलं आन् घराकडं घेऊन आले.

तवापासून अप्पाच्या समाधीवर सोमवारचा बेल मी वाहते. पोत्यांमधनं अंग चोरून जावं लागतंय.