सासूचं लुगडं

आमच्या कोलामांच्या वस्तीवरून, पोडावरून, अभयारण्याचं गेट चालत अर्ध्या तासावर. तिथं गाइड म्हणून घेतलेल्या आम्ही चार बाया. खाकी शर्ट पहिल्यांदा घातला तेव्हा नवऱ्यानं फौजदारीणबाई म्हणून चिडवलं. मला आवडलं होतं ते, खोटं कशाला बोलू.

त्याच हिवाळ्यात सासूचं अंग एका बाजूनं गेलं. बोलणं शाबूत, उठणं बंद. सफारीची सकाळची फेरी उजाडताच सुटते. मी तिला धुऊन-पुसून निघायची आणि दुपारीच परतायची. मधे लुगडं ओलं झालं की तसंच. नवरा घरीच असायचा. आईला पेज भरवायचा, तिचे पाय चोळायचा, माणूस वाईट नाही; पण लुगड्याला हात लावायचा नाही. एकदा मी भांडले तेव्हा त्यानं करून पाहिलं. म्हातारीनं चांगल्या हातानं निऱ्या अशा घट्ट धरल्या की त्याचेच डोळे भरले.

"लेकानं मायचं लुगडं फेडाव का?" ती म्हणाली.

तिच्या जागी मलाही लाजच वाटली असती.

काम सोडावं तर गेटवरचे म्हणणार, बायांना झेपत नाही हे आम्ही आधीच सांगितलं होतं. आणि घर चालतं ते माझ्याच कामावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग सातवीतली पोर आपणहून म्हणाली, मी थांबते दोन दिवस. दोन दिवसांचा महिना झाला, सकाळचं धुणं-पुसणंही तिच्याच हाती गेलं. गुरुजींचे निरोप आले. सोमवारपासून येईल असं मी कळवायची, आणि सोमवारी पुन्हा गाडीत जाऊन बसायची. राग यायचा, पण कोणावर काढावा तेच कळत नव्हतं.

परवा एका पाहुण्या बाईनं वाघिणीचे ठसे पाहून विचारलं, ती शिकारीला गेल्यावर पिल्लांजवळ कोण असतं? कोणी नसतं, मी म्हटलं. रोज हेच सांगते. त्या दिवशी पुढं बोलवेना. गाडीतल्यांना वाटलं, वाघ जवळ आहे म्हणून गप्प झाली.

घरी आले तर पोर ओसरीत पुस्तक उघडून बसलेली, कितीतरी दिवसांनी. आज मीच करते म्हणत मी शर्ट न बदलताच सासूपाशी बसले. तिला कुशीवर वळवायला गेले तशी ती कळवळली.

"तुले नाही जमत वं आता," ती म्हणाली. "पोरीले बोलाव."

मी हाक मारली नाही. पण घर ते केवढं. पोरीनं ऐकलं होतं. पुस्तक मिटून, हात धुऊन ती आत आली. मी बाजूला सरकले.