लादीमास्तरांनी पाहिलेले ध्रुव

लादीमास्तरांचा शाळेशी संबंध नववीत तुटला तो कायमचाच. 'मास्तर' ही पदवी त्यांना बर्फाच्या कारखान्यानं दिली. तिथे एका लांबलचक टाकीत मिठाचं पाणी शून्याच्याही खाली गार करून ठेवलेलं असे. त्यात गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे ओळीनं बुडवलेले असत, आणि डब्यातल्या पाण्याची लादी नेमकी कधी झाली हे सांगायचं काम मास्तरांचं. ते घड्याळाकडे बघत नसत. डब्यात डोकावत, बोटानं टकटक करत आणि म्हणत, "झाली." किंवा म्हणत, "नाही झाली." एवढ्या शब्दभांडारावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी निभावली होती.

घरी तर तेवढ्याचीही गरज पडत नसे. त्यांची बायको बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसे आणि माइकवरून गाड्या पुकारी. आठ तास बोलून माणूस दमेल असं कोणालाही वाटेल, पण बाईंचा गळा तिथे नुसता तापायचा. खरी सुरुवात घरी आल्यावर. मास्तर मान हलवत. उभी हलली तर हो, आडवी हलली तर नाही, आणि जेवताना हलली तर घास अडकलाय, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षात कळलं होतं.

कारखान्याच्या मालकांनी खाजगी अंतराळयानाची सहल ठरवली ती या दोघांच्या ध्यानीमनीही नसताना. हे यान पृथ्वीला आडवं नाही, उभं फिरणार होतं. म्हणजे दर फेरीत एकदा उत्तर ध्रुव, एकदा दक्षिण ध्रुव. "आयुष्यभर बर्फ विकला," मालक भेटेल त्याला सांगत, "आता जरा बर्फाचं माहेर बघून येतो." ध्रुवावर पोचल्यावर रेडिओवरून वाचायला त्यांनी दोन पानी भाषणही लिहून ठेवलं होतं आणि ते कारखान्यात तीनदा वाचून दाखवलं होतं.

यानात जागा चार. एक यान चालवणाऱ्या कॅप्टनबाईंची, एक डॉक्टरबाईंची, एक मालकांची आणि चौथी मालकांच्या जावयाची. जावईबापू तपासणीच्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसले, तिसऱ्या फेरीला त्यांनी आईला हाक मारली आणि पाचव्या फेरीला सासऱ्यांना, तीही जरा निराळ्या शब्दांत. जागा रिकामी झाली. मालकांच्या डोक्यात आलं, बर्फ करणाराच माणूस बर्फ बघायला न्यावा, कारखान्याचं नावही होईल. त्यांनी सगळ्या कामगारांना तपासणीच्या रांगेत उभं केलं. मास्तरही उभे राहिले. रांग कशाची आहे हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

खुर्ची फिरू लागली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"ठीक."

वेग वाढवला. "आता?"

"ठीक."

आणखी वाढवला. आता उत्तरच येईना. बाई घाबरल्या, माणूस बेशुद्ध पडला की काय म्हणून त्यांनी खुर्ची थांबवली. मास्तरांनी डोळे उघडले आणि विचारलं, "झाली?"

अहवालात लिहिलं गेलं, 'असामान्य शांत वृत्ती.' बायकोनं तो कागद वाचला आणि म्हणाली, "याला शांत वृत्ती म्हणतात होय? मी इतकी वर्षं वेगळंच काहीतरी म्हणत होते." पण दुसऱ्या दिवशी बसस्थानकावरच्या लोकांनी दोन गाड्यांच्या मधोमध ऐकलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चौकशी खिडकीतील बाईंचे यजमान अंतराळात जात आहेत. फलाट क्रमांक तीनवरची गाडी वीस मिनिटे उशिरा सुटेल." वरिष्ठांनी लेखी खुलासा मागवला. तिनं तो सव्वाचार पानांचा दिला, मग परत कोणी काही विचारलं नाही.

चार महिने शिकवणी झाली आणि एका सकाळी यान उडालं. वर पोचल्यावर अंगाचं वजन गेलं. मास्तर पट्टा सोडून अलगद तरंगले आणि छताला टेकून थांबले. मालकांनीही पट्टा सोडला, खिशातून भाषण काढलं, घसा साफ केला, आणि त्यांच्या पोटातलं सगळं नाश्त्यापासून उलट्या क्रमानं वर यायला लागलं. डॉक्टरबाई पिशवी घेऊन धावल्या, म्हणजे तरंगल्या.

"होतं असं काहींना," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून पडा. उघडलेत की पोट परत ढवळेल."

"किती वेळ?"

"कोणाला एक दिवस लागतो, कोणाला तीन."

सहलच साडेतीन दिवसांची होती. मालक पट्टे आवळून भिंतीला पाठ लावून पडले. डोळे मिटलेले, तोंडाजवळ पिशवी, आणि दोन पानी भाषण त्यांच्याभोवती हवेत फिरतंय.

"उत्तर ध्रुव येतोय," कॅप्टनबाईंनी पुकारलं. "खिडकीशी कोण येतंय?"

मालकांनी एक डोळा किलकिला केला, लगेच मिटला आणि पिशवी उघडली. ती बंद करून म्हणाले, "मास्तर, तू जा. तू बघ आणि मला सांग."

मास्तर खिडकीशी गेले. ती चांगली परातीएवढी गोल होती. त्यांनी बाहेर पाहिलं.

"आला का?" मालक.

"आला."

"कसा आहे?"

मास्तर विचार करून म्हणाले, "पांढरा."

"पांढरा हे मला घरी बसूनही माहीत होतं, गाढवा! पुढे सांग!"

पुढे काय सांगायचं? मास्तरांना घाम फुटला आणि तो गळेना, कपाळावरच जाड थर होऊन बसला. ध्रुव मागे पडला. पण पाऊण तासानं दक्षिण ध्रुव आला, त्यानंतर पाऊण तासानं परत उत्तर. हे काही चुकणारं प्रकरण नव्हतं. आणि प्रत्येक वेळी भिंतीकडून केविलवाणा आवाज यायचा, "मास्तर, आला का रे?"

पाचव्या खेपेला, उत्तर ध्रुवावर, मास्तर खिडकीला नाक लावून बघत होते आणि त्यांच्या तोंडून आपसूक गेलं, "नाही झाली."

"काय नाही झाली?"

"लादी. कडेची. पाणी आत्ता कुठे धरायला लागलंय. आपल्या टाकीत पहिल्या तासाला डब्यावर साय येते ना, तशी नुसती साय आहे. आत मात्र पक्का झालाय बर्फ. तडे गेलेत मोठमोठे, आणि तड्यांत काळं पाणी दिसतंय. लादी सोडवायला डबा घाईनं गरम पाण्यात बुडवला की ती तडकते, तसं."

मालकांचे मिटलेले डोळे विस्फारता आले असते तर विस्फारले असते. "मग? आणखी?"

"एक जुना तडा परत सांधलाय. सांधा पातळ आहे, करडा. त्यावर कोणी उभं राहू नये."

"राहणार कोण, आपण? बोल, बोल तू!"

मास्तर बोलले. एकतीस वर्षं जे बघितलं होतं त्याचे शब्द कुठेतरी साठले असावेत, ते आता एकामागून एक सुटायला लागले. दक्षिणेकडे समुद्रात मोकळा सुटलेला एक सपाट तुकडा त्यांनी पाहिला. "मालक, सुटी लादी! आपलं अख्खं शहर वर मांडलं तरी अंगण उरेल. कडा निळ्या आहेत."

"निळ्या कशानं?"

"वरच्या ओझ्यानं आतली हवा दाबून निघून गेली असणार. आपण डब्यात हवेची नळी सोडून पाणी हलतं ठेवतो, म्हणून बर्फ काचेसारखा होतो. इथे कोणी नळी सोडलेली नाही, आपोआप झालंय." मग ते म्हणाले, "आपल्यापेक्षा चांगलं झालंय."

कॅप्टनबाई मागे वळून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "माझी ही सहावी सफर. मी आजवर नुसतं पांढरंच बघत होते."

तिसऱ्या दिवशी घरच्यांशी बोलायला प्रत्येकाला दहा मिनिटं मिळाली. मास्तरांची बायको पडद्यावर दिसली, पाठीमागे सगळी आळी. तिनं पाणी येत नसल्याचं, शेजारणीच्या गुडघ्याचं, आळीतल्या सत्काराचं असं साडेनऊ मिनिटं सांगितलं आणि विचारलं, "बरं, तिकडे कसं आहे?"

"चांगलं आहे," मास्तर म्हणाले. "पाण्याचा पंप बघून घे." आणि पडदा काळा झाला.

यान समुद्रात सुखरूप उतरलं. जमिनीवर पाय ठेवताच मालक टुणटुणीत झाले, आणि महिन्याभरात शहराच्या मोठ्या सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं. 'मी पाहिलेले ध्रुव.' मास्तर आणि बायको पहिल्या रांगेत बसले. मालक बोलायला उभे राहिले आणि लोक जागच्या जागी खिळले.

"कडेचं पाणी आत्ता कुठे धरत होतं," मालक म्हणाले, "पहिल्या तासाची साय! नुसती साय! आणि मध्ये काळेभोर तडे. एक जुना तडा मी पाहिला, परत सांधलेला. मी मनात म्हटलं, यावर कोणी उभं राहू नये..."

बायको आधी मान डोलावत होती. मग तिची मान थांबली. तिनं नवऱ्याच्या कानाशी विचारलं, "मालक कधी टाकीत डोकावलेत?"

मास्तरांची मान आडवी हलली.

"मग साय त्यांना कुठून माहीत? हे तुम्ही सांगितलंत?"

मान उभी हलली. "ते आजारी होते," मास्तर पुटपुटले.

"किती सांगितलंत?"

"सगळंच."

मास्तरांना त्या क्षणी कळलं, की अंतराळात न वाटलेली भीती इथे गादीच्या खुर्चीतही वाटू शकते. बायको उभी राहिली. माइकची तिला गरज नव्हती.

"मालक, एक शंका आहे. यानात खिडकी कुठल्या बाजूला होती हो?"

मालकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. माणूस बढाईखोर होता, पण खोटारडा नव्हता. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि एकदम हसत सुटले. "बाई, आता खरं सांगतो. खिडकी होती असं ऐकून आहे! साडेतीन दिवस मी डोळे मिटून पिशवीत तोंड घालून होतो. बघितलं ते तुमच्या यजमानांनी. मास्तर, ये वर!"

टाळ्यांचा पाऊस पडला. मास्तरांना जवळजवळ ढकलत व्यासपीठावर नेलं. माइक तोंडापुढे आला. समोर सहाशे माणसं होती. मास्तरांनी घसा साफ केला.

"पांढरा," ते म्हणाले, आणि खाली उतरायला निघाले.

मालकांनी त्यांची बाही धरली आणि आपणच पुढचं सांगायला घेतलं. पण आता गंमत अशी झाली, की मालक एक वाक्य बोलायचे आणि शेजारून हळूच यायचं, "ती लादी दक्षिणेची, मालक." किंवा, "निळी फक्त कड होती. अख्खी नव्हे." लोक हसून हसून बेजार झाले. पुढे गावोगावच्या शाळांनी दोघांना जोडीनंच बोलावलं. मालक बोलायचे, मास्तर दुरुस्ती करायचे.

हे सगळं झालं, पण त्या सभेहून घरी आल्यावर बायको गप्प झाली. दुसऱ्या दिवशीही गप्प. ताट वाढलं, पाणी ठेवलं, अक्षर नाही. मास्तर हादरले. घरात नळ ठिबकतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शेगडीवर भाजी टाकून ओट्याशी कांदा चिरत होती, तिथे ते जाऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले.

सुरी चालूच.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं माझ्याशी मानेनं बोललात. मालकांपाशी वाचा फुटली. मला काय, पंप बघून घे." तिनं चिरलेल्या कांद्याकडे रागानं पाहिलं.

मास्तर स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "मालकांना सगळं नाही सांगितलं."

सुरी थांबली.

"शेवटच्या दिवशी दक्षिणेवरून जात होतो. ते सगळे झोपले होते. खाली बघतोय तर तडा नाही, डाग नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं, नुसता अखंड बर्फ. मी आयुष्यभर डबे मोजून बर्फ केला. आणि हे कोणी केलेलंच नाही. कोणाला उठवून दाखवावं असं वाटलं, आणि बघायला तू नव्हतीस. मला रडू आलं."

"तुम्हाला?"

"हो. पण तिथे पाणी खाली पडत नाही. डोळ्यावरच बसलं गोळा होऊन. मला काही दिसेनाच. ध्रुव गेला तसाच."

बायको सुरी ठेवून त्यांच्यासमोर बसली. तिचे डोळे भरले होते, पण शंका काही तिला गप्प बसू देईना. "मग काढलंत कसं ते पाणी?"

"कॅप्टनबाईंनी फडकं दिलं."

"म्हणजे त्या जाग्या होत्या?"

"यान चालवत होत्या अगं."

"आणि फडकं स्वच्छ होतं?"

मास्तर आठवू लागले. "निळं होतं," ते म्हणाले, आणि मग त्या फडक्याबद्दल, ते हवेत कसं आपलं आपण उलगडत गेलं त्याबद्दल, भाजी करपल्याचा वास येईपर्यंत सांगत राहिले.