आढ्याचं लाल गाठोडं

अख्खं पळसदरी ज्याला घाबरतं आणि जो स्वतः मुंगीसुद्धा जपून ओलांडतो, असा एकच माणूस मला माहीत आहे: माझे चुलत आजोबा. भीती खरं तर त्यांची नव्हती, त्यांच्या आढ्याला टांगलेल्या लाल गाठोड्याची होती. त्यात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ज्याला जे सुचेल ते त्यात होतं. आजोबांच्या झाडाची कैरी रस्त्यावर पडली, तर जाणारा माणूस ती त्यांच्या ओट्यावर ठेवून, हात जोडून पुढे जाई. त्यांच्या शेताच्या बांधाचा दगड तर कुणी बोटभरही सरकवत नसे. एकदा एकाने त्यांच्या अंगणात टेंपो लावला. आजोबा भांडले नाहीत. नुसते वर बघून पुटपुटले, "गप रं, पावना हाय." त्याने म्हणे टेंपो चालू न करताच ढकलत नेला. वारा नसतानाही ते गाठोडं हळूहळू फिरायचं, हे मात्र मी स्वतः पाहिलंय. कारण मला अजून कळलेलं नाही.

पण त्यांच्याकडे चहाला कुणी येत नसे. म्हणून गाव जेव्हा म्हणालं, "आबा, पोरं भितात, ते गाठोडं धरणात सोडा. तुमच्या बांधाला कोन हात लावनार नाय, आमी हाय ना!" तेव्हा ते लगेच तयार झाले. तसा कागद मी लिहिला. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडेच येतं. 'बांधाचा मान राखू. कुणी सरकवल्यास एकत्र बसून विचार करू.' ते वाक्य मला तेव्हा फार भारदस्त वाटलं होतं. खाली बऱ्याच जणांनी सह्या केल्या. धुक्याच्या एका सकाळी आजोबांनी गाठोडं पाण्यात सोडलं. ते लगेच बुडालं नाही. मागे वळून घराकडे बघावं तसं जरा वेळ तरंगत राहिलं.

त्या उन्हाळ्यात ओट्यावर बसायला जागा नसे. आजोबांनी चौक गावच्या बाजारातून डझनभर कप आणले. पोरांनी झाडावर एक कैरी ठेवली नाही, आणि आजोबा खूश! पावसाळा सरला तेव्हा बांधाचा दगड हातभर आत आलेला होता. दिवाळीत आणखी हातभर. सरकवताना कुणी दिसलं नाही, ओल्या मातीत पाऊलही नव्हतं. मी कागद घेऊन सह्या करणाऱ्यांकडे गेले. "बसू की गं, बसू एकदा," म्हणाले. अजून बसलेले नाहीत.

त्याच सुमारास कॉलेजात युक्रेनचा विषय निघाला. त्या देशाने स्वतःकडची अण्वस्त्रं सोडून दिली, तेव्हा मोठ्या देशांनी लिहून दिलं होतं, की तुमच्या सीमांचा मान राखू, आणि प्रश्न आलाच तर एकत्र बसून विचार करू. तुमच्यासाठी लढायला येऊ, असं कुठेच नव्हतं. वाक्य जवळजवळ माझंच होतं.

संध्याकाळी आजोबांना सगळं सांगितलं.

"त्यांचा दगुड कुनी सरकवला?"

"सही करणाऱ्यांतल्याच एकाने."

"आन बाकीचे?"

"सामान देतात. लढायला कुणी येत नाही."

"त्यांच्या गाठोड्यात निदान खरंच कायतरी व्हतं," आजोबा म्हणाले. "माज्यात आयचं फाटकं लुगडं व्हतं गं."

मग त्यांनी माझ्यासमोर तो सह्यांचा कागद लाल फडक्यात बांधला आणि आढ्याला टांगला. तेव्हापासून दगड हललेला नाही. ओटाही रिकामा आहे. आजोबा रोज सगळे कप धुऊन पालथे घालून ठेवतात.

मी मात्र चहाला जाते. आत माझाच कागद आहे, हे मला पक्कं माहीत आहे. तरी वारा नसताना ते गाठोडं फिरायला लागलं, की मी नकळत उठून दाराकडे सरकते. आजोबा कप पुढे करत हळूच म्हणतात, "तू बी गं?"